काकूचा सी ड्राईव्ह

इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली की आपण घरच्यांच्या लेखी ‘कॉम्प्युटरचे डॉक्टर’ होतो, हा अनुभव हॉस्टेलवरच्या सगळ्यांनाच असेल. ब्रँच कुठली का असेना! आमच्या शेजारच्या रूममधली सिव्हिलची मैत्रीण सुट्टीत घरी जाते आणि अख्ख्या गल्लीचे प्रिंटर दुरुस्त करून येते. मी तर कॉम्प्युटरचीच. त्यामुळे २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत जालन्याला पोचले, तर फराळाच्या ताटाआधी माझ्यासमोर आला एक सीपीयू. (खरं तर कॅबिनेट. पण आमच्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, आणि सुट्टीत घरच्यांच्या चुका काढणारी मुलगी कुणालाच आवडत नाही.) “बघ गं, टकटक टकटक करू राहिलाय,” काका म्हणाले.

काकांचं डीटीपीचं दुकान मस्तगडला आहे. ज्यांना जालना फक्त बियाणं आणि स्टीलमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते: मस्तगड म्हणजे आमचा किल्ला, आणि आता त्याच्या आजूबाजूची वस्तीसुद्धा. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकुमावरून काबील खानाने १७२५ मध्ये तो बांधला, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज आणि आत एक मोठी विहीर, तिच्या पोटात सज्जे आणि खोल्या. पुढे नगरपालिकेचं ऑफिस याच किल्ल्यात होतं. काकांनी दुकान इथे टाकलं ते त्याच हिशेबाने. ऑफिस जवळ, म्हणजे अर्ज टाईप करायला गिऱ्हाईक. अर्ज पुढे ऑनलाईन झाले, पण लग्नपत्रिका, बियाण्याच्या पिशव्यांची लेबलं, दशक्रिया विधीची कार्डं आणि गणपती मंडळांची पावती पुस्तकं यांनी दुकान तारलं.

टकटक हार्ड डिस्कची होती. ५०० जीबीची डिस्क, २०१२ मध्ये घेतलेली, म्हणजे तेरा वर्षं रोज सकाळी दहा ते रात्री नऊ. विंडोज ७ सुरू व्हायला जवळपास चार मिनिटं, आणि मधूनच सगळं गोठून जायचं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती मी उघडून पाहिली. खराब जागा बदलून दिल्याचे आणि ‘वाचता येत नाही’ म्हणून रांगेत असलेल्या सेक्टरचे असे दोन्ही आकडे वाढलेले. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि तुळशीचं लग्न झालं की माणसांची सुरू! काकांच्या वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा त्या तीन-चार महिन्यांत येतो.

रिपेरिंगवाल्या दादांनी माझ्या आधीच निदान केलेलं होतं. “डी ड्राईव्हचा डेटा काढून घेऊ, नवीन एसएसडी टाकू, नवीन विंडोज मारू. दोन तासांत काम.” सल्ला चुकीचा अजिबात नाही. शंभरातल्या नव्वद जणांना मीही हाच देईन. हॉस्टेलवर तर आपण दर सेमिस्टरला लॅपटॉप फॉरमॅट करतो, जणू काही परीक्षेआधीची आंघोळच. काका तयार होते. पप्पा तर म्हणाले की अठराव्या शतकातल्या किल्ल्याशेजारी अठराव्या शतकातलंच विंडोज कशाला हवंय. फक्त काकू गप्प बसली होती. काकू गप्प बसली की आमच्याकडे काहीतरी गंभीर असतं.

दुकानात मॅटर टाईप करते ती काकू. काका डिझाईन बघतात, गिऱ्हाईक बघतात. गेल्या काही वर्षांत डायबेटिसमुळे काकूची नजर खूप कमी झाली आहे. स्क्रीनवरचं मोठ्या अक्षरातलं तिला कसंबसं दिसतं, की-बोर्डवरचं तर नाहीच. तरी गिऱ्हाईकाने मजकूर वाचून दाखवला की ती तो बघता बघता टाईप करते, कारण बोटांना सगळं पाठ आहे. तिने १९९० च्या दशकात टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टाईपरायटर शिकला होता. की-बोर्डची तीच रेमिंग्टन रचना कॉम्प्युटरवर आली, म्हणून काकूही कॉम्प्युटरवर आली. नव्या विंडोजमध्ये मराठी टाकली की पहिल्यांदा मिळतो तो इनस्क्रिप्ट, आणि त्यात सगळ्या अक्षरांची घरं वेगळी.

शिवाय तिचे शॉर्टकट. मॅटर ती वर्डमध्ये टाईप करते, तिथून काका पेजमेकरमध्ये घेतात. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये तिने वर्षानुवर्षं स्वतःचे संक्षेप भरून ठेवलेत. दोन-तीन अक्षरं आणि स्पेसबार, की अख्खं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हजर. एक संक्षेप ‘दुःखद निधन’चा. एक मुहूर्ताच्या ओळीचा, त्यात फक्त वेळ भरायची. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ ही किलबिलसुद्धा एका संक्षेपात, मामा आणि आत्यासाठी वेगवेगळी. गावांची नावं, आडनावं, मंगल कार्यालयं... मी यादी उघडून मोजली, ४०० च्या वर नोंदी होत्या. मी कॉन्व्हेंटची. शाळेतलं मराठी मार्कांपुरतं. माझं खरं मराठी या दुकानात प्रुफं वाचून झालं आहे, त्यामुळे ती यादी वाचताना मला माझीच क्रमिक पुस्तकं वाचल्यासारखं वाटलं.

ही यादी राहते कुठे? डी ड्राईव्हवर नाही. ती सी ड्राईव्हवर यूजरच्या फोल्डरमध्ये, ‘ॲपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात असते. डी ड्राईव्हचा डेटा काढून घेणाऱ्याला ती दिसतच नाही. शोधून काढणं अवघड नाही म्हणा. ज्याला माहीत आहे तो ती एक फाईल उचलू शकतो. पण याच जातीचं अजून काय काय सी ड्राईव्हवर बसलंय याची यादी करायला गेले, आणि यादी संपेना.

सगळ्यात मोठी गोष्ट फॉन्टची. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा कप्पा मिळाला. आज मोबाईलवर आपण मराठी मेसेज करतो तो या कप्प्यामुळे. पण डीटीपीची दुकानं त्याआधीपासून आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं वेगळ्याच युक्तीवर चालली. कॉम्प्युटरला वाटतं की आपण इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण वगैरे साठवतोय. फक्त फॉन्ट असा बनवलेला की त्या खुणांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे दिसावेत. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा ‘श’ वेगळा. काकांच्या डी ड्राईव्हवर तेरा वर्षांच्या पत्रिका आहेत, पण त्या फाईलींमध्ये मराठीचं एकही अक्षर नाही! मराठी आहे ती सी ड्राईव्हवरच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये. फॉन्ट गेला की ‘शुभविवाह’च्या जागी उरतो निव्वळ कचरा. आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची खुणांची वाटणी वेगळी, त्यामुळे एकाची फाईल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली तरी कचराच, फक्त मराठी लिपीतला.

वरून या सॉफ्टवेअरला डोंगल लागतं, म्हणजे यूएसबीला लावायचं कुलूप. ते होतं. पण सॉफ्टवेअरची सीडी चरे पडून निकामी झालेली, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधली. आता ती नव्याने आणायची कुठून आणि नव्या विंडोजवर नीट चालेल याची खात्री कोण देणार? त्यामुळे मी ठरवलं की नवीन काही टाकायचं नाही. सी ड्राईव्ह आहे तसा, मुंगीसकट साखर उचलावी तसा, नव्या डिस्कवर न्यायचा.

“मग कॉपी-पेस्ट मार की,” पप्पा म्हणाले. इथे थोडं थियरीचं. फर्स्ट इयरवाल्यांनी वाचावं, बाकीच्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल. सी ड्राईव्हच्या सगळ्या फाईली नव्या डिस्कवर कॉपी केल्या तरी कॉम्प्युटर सुरू होत नाही, कारण तो सुरू करणाऱ्या गोष्टी फाईलींमध्ये नसतातच. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये पॉवर दिली की बायोस डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. तो ५१२ बाईट्सचा. त्यात ४४० बाईट्स प्रोग्रॅमला, ४ बाईट्सची त्या डिस्कची सही, २ बाईट्स जवळजवळ रिकामेच, ६४ बाईट्समध्ये चार पार्टिशनची नोंद, आणि शेवटचे २ बाईट्स ‘हा सेक्टर खरा आहे’ एवढं सांगायला. ही व्यवस्था १९८३ मध्ये, पीसीला हार्ड डिस्क जोडली गेली तेव्हाची. (ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीने आधीच अडवलेली, म्हणून हार्ड डिस्क सी. फ्लॉपी गेली तरी तिच्या जागेवर बसायची हिंमत आजही कुणी करत नाही.) या सेक्टरनंतर विंडोज ७ चं १०० एमबीचं एक पार्टिशन असतं. त्याला ड्राईव्हचं अक्षरच नसतं, म्हणून ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ते दिसत नाही. पुढचं विंडोज कुठे आहे ते त्याला माहीत, आणि योग्य डिस्क तो ओळखतो त्या ४ बाईट्सच्या सहीवरून. मस्तगडच्या आतल्या दरवाज्यावर जो फारसी शिलालेख आहे तो दरवाज्याचं साल १७२३ सांगतो, म्हणजे किल्ला १७२५ चा आणि दरवाजा त्याच्या दोन वर्षं आधीचा. पप्पांना मी हेच उदाहरण दिलं. सामान कितीही नेलं तरी दरवाजा आधी उभा पाहिजे. विहिरीतल्या खोल्याही न्यायच्या, त्या रस्त्यावरून दिसत नसल्या तरी.

पप्पांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार होता. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं. असं जुनं मशीन नव्या डिस्कवर जिवंत ठेवणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं नाही का? आहेच. पण हे मशीन २०२० पासून इंटरनेटला जोडलेलंच नाही. ईमेल आणि व्हॉट्सॲपवर येणारे मजकूर काकांच्या लॅपटॉपवर येतात आणि तिथून तपासलेल्या पेन ड्राईव्हने इकडे. आणि मला विचाराल तर, बदल करायचाच असेल तर तो चालू मशीनवरून, सावकाश, काकूला विचारून करावा. डिस्क मरतेय म्हणून एका रात्रीत माणसाच्या हातचं काम काढून घेऊ नये. पप्पांना हे पटलं की ते नुसते गप्प बसले, ते अजून कळलेलं नाही.

मरणाऱ्या डिस्कचा एक नियम आहे. तिच्यावर काही चालवायचं नाही, तिच्याकडून फक्त वाचून घ्यायचं. म्हणून विंडोज सुरूच केलं नाही. पेन ड्राईव्हवरून लिनक्स चालवलं आणि १ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर ‘डीडीरेस्क्यू’ने जुन्या डिस्कची सेक्टर न् सेक्टर प्रत घ्यायला सुरुवात केली. हा प्रोग्रॅम मला फार आवडतो. साधी कॉपी खराब जागा आली की तिथेच डोकं आपटत बसते आणि तेवढ्यात डिस्क राम म्हणते. हा आधी सोपं सोपं सगळं उचलतो, अडेल तिथे उडी मारून पुढे जातो आणि शेवटी राहिलेल्या तुकड्यांकडे परत येतो. अगदी आपला पेपर सोडवायचा क्रम! काय झालं, काय राहिलं हे तो एका छोट्या नकाशा-फाईलमध्ये लिहीत जातो.

रात्री नऊला लावलं. मशीनचे यूएसबी पोर्ट जुने, त्यामुळे वेग सेकंदाला तीसेक एमबी. काका शटर अर्धं ओढून खुर्चीतच बसून राहिले. मधूनमधून विचारायचे, “किती झालं?” जणू काही आयसीयूच्या बाहेरच. पहाटे दोनच्या सुमारास लाईट गेली. यूपीएसने पंधरा मिनिटं दम धरला, तोवर मी सगळं नीट बंद केलं. काकांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांना वाटलं पाच तास पाण्यात गेले. लाईट आल्यावर तोच नकाशा देऊन प्रोग्रॅम परत चालू केला, आणि तो जिथे होता तिथूनच पुढे निघाला. त्यानंतर मात्र काका घरी जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हिशेब लागला. डिस्कवर एकूण ९७,६७,७३,१६८ सेक्टर, त्यातले १५२ वाचता आले नाहीत. म्हणजे ७६ केबी. इंजिनीअरिंगच्या भाषेत हे ‘निग्लिजिबल’. पण कुठले ७६ केबी ते कळल्याशिवाय तो शब्द वापरता येत नाही. एखाद्या फॉन्टमधले असते तर? कुठला सेक्टर कुठल्या फाईलचा हे शोधून काढलं. बहुतेक सगळे पेजफाईलमधले, म्हणजे विंडोजची रफ वही; तिची कुणाला गरज नसते. उरलेले २०१३ सालच्या एका मेळाव्याच्या पत्रकाच्या फाईलमधले. त्याबद्दल कुणालाच दुःख झालं नाही. उलट काका म्हणाले, त्याचं बिल अजून यायचंय!

नवीन डिस्क घेतानाची गंमत सांगायलाच हवी, कारण हॉस्टेलवर यात हमखास फसगत होते. दुकानात ४८० जीबीची एसएसडी समोर ठेवली. “पाचशे काय, चारशे ऐंशी काय, सारखंच आहे ताई.” वापरायला सारखंच असेल. पण ५०० जीबीच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत ४८० मध्ये मावत नाही, मग आतला डेटा १५० जीबीच का असेना. प्रत सेक्टरांची असते, फाईलींची नाही. शेवटचं पार्टिशन आधी आखूड करून मावतं करता येतं, पण आजारी डिस्कवर ती कसरत कोण करणार? ५१२ जीबीची घेतली. फरक थोडा होता आणि काकांनी कुरकुर न करता दिला, हे इथे नमूद करते.

बाकीचं काम सोपं. एक्स्टर्नल डिस्कवरची प्रत एसएसडीवर उतरवली. जुनी डिस्क काढली आणि तिच्याच केबल एसएसडीला लावल्या. जुनी काढून ठेवणं महत्त्वाचं. दोन डिस्कवर तीच ४ बाईट्सची सही दिसली की विंडोज गोंधळतं आणि एकीला बाजूला बसवतं. बायोसमध्ये डिस्कचा मोड होता तोच राहू दिला, तो बदलला की विंडोज ७ सुरू होताना निळा पडदा दाखवायची शक्यता असते. मग पॉवर.

३१ सेकंद. मोबाईलवर लावून मोजले. इतका फरक का पडतो हे वर्गात शिकवलेलंच आहे, पण दुकानात पाहिल्यावर ते डोक्यात बसतं. जुनी डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरणारी. हवा तो सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, आणि त्याआधी डोकं त्या ट्रॅकवर सरकायचा वेळ वेगळाच. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फाईली अशा जागोजागहून गोळा करायच्या. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. मदरबोर्ड जुना, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळालाच नाही, तरी ही गत.

डोंगल ओळखलं गेलं. पेजमेकर उघडला. २०१४ ची एक पत्रिका उघडली, अक्षरं जागच्या जागी. काकांनी काकूला हाक मारली. ती येऊन बसली. स्क्रीनकडे न बघता तिने दोन अक्षरं मारली, स्पेसबार दाबला आणि मला म्हणाली, “वाच.” मी वाचलं, आमचे येथे श्रीकृपेकरून. मग तिने एकापाठोपाठ पंधरा-वीस संक्षेप तपासले, परीक्षा घेतल्यासारखे. मी फक्त वाचत होते. सगळे आले. शेवटी म्हणाली, “पूर्वी मशीन चालू होईपर्यंत चहा व्हायचा माझा. आता चहा कधी घ्यायचा?” आणि काकांना त्या दिवसाचं पहिलं मॅटर वाचायला सांगितलं. बियाण्याच्या लेबलाचं होतं, कापसाचं.

जुनी डिस्क पुठ्ठ्याच्या डब्यात घालून, वर तारीख टाकून, काकांनी दुकानातल्या गल्ल्याखाली ठेवली आहे. एक्स्टर्नल डिस्कवरची प्रत आमच्या घरी आहे, दुकानात नाही. दोन्ही एकाच छपराखाली ठेवायच्या नाहीत हे मी तीनदा सांगून आले.

आता राहिलंय ते त्या तेरा वर्षांच्या मजकुराचं युनिकोड. काकूची रेमिंग्टनची सवय न मोडता ते करता येतं, कारण युनिकोडसाठीही रेमिंग्टन रचनेचे की-बोर्ड मिळतात. तिने एकदा पंधरा मिनिटं बसून पाहिलं आणि “बघू सीझन झाल्यावर” म्हणाली. जुन्या फाईलींसाठी मात्र कन्व्हर्टर लिहावा लागेल. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. ‘कि’मधली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये ‘क’च्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये ‘क’च्या नंतर. रफाराचं नेमकं उलटं. अर्ध्या अक्षरांचे तुकडे परत जोडायचे ते वेगळंच. मी टेबल करायला घेतलंय, जेमतेम निम्म्या खुणा झाल्यात. लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये रात्री जेवणानंतर बसते. ज्यांना स्ट्रिंग प्रोसेसिंगचा कंटाळा येत नाही आणि ‘र्‍य’ आणि ‘र्य’ यांतला फरक सांगता येतो, अशा मैत्रिणी हव्या आहेत. मुलांनी टेबलची फाईल लॅबमध्ये मागून घ्यावी.